खांबाखालचा माणूस

मीटिंगच्या खोलीतून रस्त्यापलीकडचा विजेचा खांब दिसतो. काल तिथे एक वायरमन एकटाच उभा होता. त्याने दातांनी रबरी हातमोजा ओढून काढला, चाचणीसाठी मिळालेल्या नव्या मोबाइलवर बोट दाबलं आणि मोजा पुन्हा चढवला. मोज्यातलं बोट त्या काचेला कळत नाही.

आत वीज कंपनीचे साहेब त्याच मोबाइलची योजना ठरवत होते. खांबाखाली आता जोडीदार नको, लाइन बंद असल्याचं मोबाइल सांगेल. मी माणसं पुरवणारा ठेकेदार, मला फक्त दरासाठी बोलावतात. पण मीही खांबावर चढूनच इथवर आलोय. "बंद का रे?" विचारलं की खालून "बंद! चढ बिनधास्त" असं यायचं. त्या आवाजाच्या भरवशावर तारेला हात लावायचो. ठेकेदार झाल्यापासून माझ्या खाली तसं कुणी उभं नाही.

"मोबाइल काय मान वर करून बघत उभा राहतो का?" मी टेबलावर हात आपटला.

"शेठ, तुम्ही दराचं बोला," साहेब हसले.

दर तसाच सोडून मी उठलो आणि रस्ता ओलांडला.

"काय काम होतं, शेठ?" वायरमनने विचारलं.

"काही नाही. तू चढ. मी आहे खाली."