नाडाछडीचा मार्का

दुसऱ्याचं चोरणारे मी धंद्यात पुष्कळ पाहिले. त्यांचा मला राग येत नाही. मीही काही देवमाणूस नाही. पण चोरलेल्या वस्तूवर सरकारी शिक्का मारून आणायचा आणि ज्याची चोरली त्यालाच वकिलाची नोटीस पाठवायची, याला माफी नसते. मी दिलेली नाही.

देवळीच्या बस स्टँडवर मी एसटीच्या खिडक्यांखाली उभा राहून कंगवे विकायचो. पुढे सायकलवर गिटारच्या आणि बेंजोच्या तारा घेऊन गावोगावच्या बँड पार्ट्यांकडे जायला लागलो. तारांपाठोपाठ पिकअप आलं. तारांखाली बसवायचा चुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे वेढे, एवढीच ती वस्तू. पण तिच्याशिवाय बेंजोचा आवाज भोंग्यापर्यंत पोचत नाही, आणि भोंग्याशिवाय आमच्याकडे वरात निघत नाही. वेढे गुंडाळायला मी एक जोडीदार घेतला. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. हात चांगला, तोंड बंद. तो गुंडाळायचा, मी विकायचो. दुपारी जेवायला त्याच्या घरी. त्याची आई मला भाकरीवर अंबाडीची भाजी वाढायची आणि म्हणायची, "खाय बाप्पा, तुह्या तोंडावरच धंदा चालते."

वडनेरला ऐन मे महिन्यात एक लग्न होतं, आम्ही दोघंही गेलो होतो. दुपारी वरात देवळापाशी आली आणि बेंजो मुका झाला. आमच्याकडच्या उन्हात टेपचा गोंद पातळ होतो. पिकअपवरची टेप सुटली होती आणि आतली तार उकलत चालली होती. नवरदेवाचा मामा वाजवणाऱ्यांना आईवरून शिव्या देत होता. मी मनगटावरचा नाडा सोडला, पूजेच्या दुकानात मिळते ती लाल-पिवळी नाडाछडी, आणि पिकअपवर आवळून गुंडाळला. बेंजो बोलायला लागला. नाड्याला गोंदच नसतो, तर वितळणार काय? एवढीशी अक्कल होती ती, पण माझी होती.

जोडीदार म्हणतो, मनगट त्याचं होतं.

त्या उन्हाळ्यानंतर नाड्याशिवाय पिकअप कोणी हातात धरेना. हिंगणघाटपर्यंतचे बनवणारे सगळेच नाडा बांधायला लागले. मी कोणाला अडवलं नाही. अडवायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. पुढे त्याने दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान टाकलं, तेही मी सोसलं. मग एक दिवस नोटीस आली. पिकअपवर लाल-पिवळा धागा गुंडाळणं हा त्याचा मार्का आहे, तो नागपूरच्या वकिलामार्फत रजिस्टर झालेला आहे आणि मी तो वापरणं तात्काळ बंद करावं. नोटीस त्याने स्वतः आणून दिली नाही. पोस्टाने पाठवली, दोन गल्ल्यांवरून.

मी त्याच आठवड्यात जिल्ह्यातल्या पार्ट्या आणि पिकअप बनवणारे दुकानासमोर बोलावले. हिंगणीच्या पार्टीचा म्होरक्या नोटीस उलटीसुलटी करून बघत होता.

"म्हंजे आता नाडा बांधाचा त याले इचारून बांधाचा?"

"होय."

"उद्या हा पायजम्याच्या नाड्यावर बी मार्का घेईन. मंग काय, गावातून हातानं धरून चालाचं काय?"

सगळे हसले. मी हसू दिलं आणि मग नियम सांगितला. त्याचं पिकअप घ्यायचं नाही, बसवायचं नाही, बिघडलं तर उघडायचं नाही. ज्याच्याकडे असेल त्याने ते काढून माझ्याकडे टाकायचं आणि बदल्यात माझं न्यायचं.

वडनेरचा एक म्हातारा बेंजोवाला मागे बसला होता. जयंतीला भीमगीतांच्या गाडीवर वाजवणारा, जिल्ह्यात त्याच्या तोडीचा हात नाही. तो म्हणाला, "मालावर बहिष्कार टाका भाऊ. मानसावर नका टाकू. आमच्या बापजाद्यायनं पाह्यला हाय तो."

"माल कोन बनवते?" मी विचारलं. "मानूसच ना?"

तो उठून गेला. बाकीचे बसून राहिले.

त्या हंगामात मी जे केलं ते नीट केलं. कॉलेजचा एक मुलगा गिटार दुरुस्तीला घेऊन आला. आत माझ्या जुन्या जोडीदाराचं पिकअप दिसलं. मी आधी कटरने दोन्ही वायरी तोडल्या आणि मग मुलाला म्हटलं, आता बोल. मुलगा रडवेला झाला. वराती त्याच्या दुकानासमोरून जायच्या तेव्हा बेंजो बंद व्हायचा, नुसता ढोल. त्याची पायरी ओलांडली की पुन्हा सुरू. हे मी कोणाला शिकवलं नव्हतं, पार्ट्यांनी आपणच काढलं. पण ज्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी त्या पार्टीला पोटभर आलुबोंडे खाऊ घातले. पावसाळ्यापर्यंत त्याच्याकडचा कारागीर सोडून गेला होता आणि शटर अर्ध्यावर असायचं. माझ्या दुकानात त्याच्या पिकअपांचं पोतं कोपऱ्यात फुगत होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचा साळा आला. एसटीत कंडक्टर, गोड बोलणारा, बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणणारा.

"भाटवा म्हनते, जिल्ह्यात कोनालेच अडवत नाई. लिहून देतो."

"जिल्हा काय त्याच्या बापाचा हाय? मार्का सोडाचा. पुरा."

"बरं, सोडला समजा."

"आनि पार्ट्यायसमोर सांगाचं, नाडा कोनी काढला."

साळ्याने चहाचा कप खाली ठेवला, बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. "बरं म्हनते. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरी या. सही करून देते, सगळ्यायसमोर बोलते."

मी जे मागितलं ते सगळं मिळालं होतं. बसून राहायचं होतं, एवढंच. पण साळ्याला जाता जाता लाडात यायची हुक्की आली. "जिंकला भाऊ तुमी. भाटवा त म्हने, आता मले कंगवेवाल्याच्या पाया पडा लागते."

कंगवेवाला. ज्या घराने मला भाकरी वाढली त्या घरात माझं नाव हे होतं तर.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सकाळी मारबत निघते, बाईचा मोठा पुतळा. गावातली रोगराई आणि पीडा तिने वेशीबाहेर न्यावी म्हणून लोक घरातला केरकचरा, तुटके झाडू तिच्यावर टाकतात. तिच्यासोबत बडगे असतात, वेशीवर नेऊन जाळायचे बांबू-गवताचे पुतळे. ज्याच्यावर गावाचा राग असेल त्याचं तोंड बडग्याला करायचं. त्या वर्षीचा बडगा मी करवून घेतला. त्याच्यासारखी जाड भिंगं, त्याच्यासारख्या खाली वळलेल्या मिशा, पांढरी टोपी. अंगभर नाडाछडी गुंडाळली आणि पोत्यातल्या पिकअपांचा हार गळ्यात घातला. छातीवर पाटी: नाडाचोर.

हिंगणीची पार्टी पुढे होती. वडनेरची आली नव्हती. पोरं ओरडत होती, "खोकला-पडसं घेऊन जा गे मारबत! मार्कावाल्याले घेऊन जा गे मारबत!" त्याच्या दारासमोर मी बडगा थांबवायला लावला.

दार उघडलं आणि त्याची आई बाहेर आली. हातात केराचं सूप. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. भिंत चाचपत पायऱ्या उतरली. पोरांनी वाट दिली. तिने सूप बडग्याच्या पायांशी रिकामं केलं आणि त्याच्या गुडघ्यांवरून हात फिरवला.

"एवढा नाडा गुंडाळला? देवाचा हाय काय?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. बेंजो थांबला.

"माह्या पोराची झोप उडाली हाय माय," ती मारबतीला उद्देशून म्हणाली. "अन्न गोड लागत नाई त्याले. त्याच्या मागचं जे हाय ते घेऊन जाजो." मग तिने तोंड वर केलं, गर्दीच्या अंदाजाने. "यंदा तोंड कोनाचं केलं बाबू?"

तोवर तो दारात येऊन उभा राहिला होता. बनियनवर, चष्मा डोळ्यांवर चढवत. त्याने बडगा पाहिला, आईला पाहिलं, मला पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"चोराचं, माय," मी म्हणालो.

तिने माझा आवाज ओळखला, चेहरा खुलला. "तू होय? किती दिसानं आला बाप्पा." आणि बडग्याच्या पोटावर थापटी मारत म्हणाली, "चोराचं असन त जाळा मेल्याले. चांगला जाळा."

मी हात वर केला. ढोल सुरू झाला. वेशीवर बडग्याचं गवत ओलं निघालं, पेटेना. डिझेल ओतावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे मी इस्त्रीचा सदरा घालून त्याच्या घरी गेलो. सौदा म्हणजे सौदा. पार्ट्यांचे म्होरके यायचे होते, एकही आला नाही. तो बैठकीत एकटा होता. समोर कागद, कागदावर पेन.

"वाचून घे," तो म्हणाला.

मी वाचलं. सगळं होतं. मार्का सोडल्याचं, नाडा मी काढल्याचं. सहीची जागा तेवढी कोरी.

"सही कर ना मंग."

"करतो. मायले कोनी सांगतलं नाई अजून, तोंड कोनाचं होतं ते. गल्लीतल्या बायाही बोलल्या नाई. ती आतमधी हाय. तू जाऊन सांग. तू सांगून आला की मी सही करतो."

"हे काय मधातच?"

"हाच भाव हाय."

मी भाव करणारा माणूस आहे. म्हणालो, सगळ्यांसमोर कबुली नको, नुसता मार्का सोड. त्याने मान हलवली. म्हणालो, नाडा दोघांनी मिळून काढला असं लिही. तरी नाही. म्हणालो, मी बहिष्कार आज उठवतो, वरातीला सांगतो तुझ्या दारात थांबून वाजवा. तो नुसता आतल्या दाराकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा समोरचा एक पैसाही खाली येत नव्हता, आणि वस्तू माझ्यासमोर टेबलावर पडलेली होती.

मी आत गेलो. म्हातारी चुलीपाशी पाटावर बसून पोळ्याच्या उरलेल्या पुरणाला हाताने चाचपत होती, आंबलं की काय ते बघत. "ये," म्हणाली. "काल पोराले झोप लागली बाप्पा. रातभर हालला नाई. मारबतीनं ऐकलं."

तो झोपला नव्हता. रात्रभर न हलता पडून राहिला असेल, आई ऐकत असते म्हणून. हे मला कळलं आणि त्याचा मला जास्तच राग आला. तिने हातावर पुरण ठेवलं. आंबलं होतं. मी खाल्लं. तोंड उघडलं, आणि विचारलं, "डोळ्यायचं ऑपरेशन कधी करता माय?"

बाहेर आलो तेव्हा तो कागदाची घडी घालत होता. "नाई जमला सौदा?" म्हणाला. आवाजात हसू नव्हतं. असतं तर मी त्याचा गळा धरला असता आणि गोष्ट मिटली असती.

लोक म्हणतात, तू हद्द केली, त्याने माणुसकी राखली. कसली माणुसकी? मी बांबू-गवताचा पुतळा उभा केला. त्याने जिवंत आई तराजूत घातली. मी उचलू शकणार नाही हे ओळखूनच घातली. असा भाव मी कधी कोणाला सांगितलेला नाही.

तो नंतर वर्ध्याला गेला. मार्का त्याच्याच नावावर आहे. मी पिकअपला पांढरा दोरा बांधतो आणि गिऱ्हाईक विचारतं, हे डुप्लिकेट आहे का. माझ्या दुकानात त्याचं पिकअप असलेलं वाद्य आजही उघडलं जात नाही.

म्हातारी मागच्या उन्हाळ्यात वारली. तेरवीची चिठ्ठी साळ्याच्या हाती आली होती. मी गेलो नाही. तिथे तो समोर आला असता, आणि मी विचारून बसलो असतो की आता दुसरा भाव काय आहे.