तीन मुलखांचं ‘ने’

मनोरमाबाईंनी हॅम्बर्गमधलं सगळं गोड मानून घेतलं होतं. पाऊस, थंडी, सुनेचा तो टी-बॅग बुडवलेला पांचट चहा, सगळं. एकच गोष्ट घशाखाली उतरत नव्हती. नात बोलत नव्हती.

म्हणजे मुकी नव्हती हो! ओवी आठ वर्षांची, मैत्रिणींत तोंडाचा पट्टा चालू. मराठी सगळं कळायचं. “ओवी, पाणी आण” म्हटलं की पाणी यायचं, पण सोबत जे यायचं ते जर्मनमध्ये. २०१६चा हा बाईंचा तिथला तिसरा उन्हाळा, आणि गुडघे आता विमानाच्या नावाने शंख करत होते. पुन्हा येणं व्हायचं की नाही, देव जाणे.

“या खेपेला पोरगी माझ्याशी बोलली नाही, तर पुढे फोटोतल्या आजीवरच भागवा म्हणावं,” बाई सुनेला म्हणाल्या.

“अहो आई, बोलेल हळूहळू,” स्वरूपा म्हणाली. हळूहळू म्हणे! सत्तरी उलटलेल्या बाईने हळूहळू काय काय करायचं?

बाई मूळच्या दाभोळच्या. खाडी ओलांडायची ती होडीने, आणि तिथला नियम एकच. होडीवाल्याने बोलावलं की पाय उचलायचा. चौकशा करत बसलं की होडी गेलीच. मुलगा प्रसन्न नेमका उलट्या पायांचा. विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर, रोज एल्बे नदीच्या फेरीबोटीने कामाला जाणारा. पण रोज वेळापत्रक बघणार, वर खलाशाला विचारणार, आणि मगच चढणार. दर दोन वाक्यांमागे ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे जर्मनमधलं ‘अगदी बरोबर’. एवढं काय बरोबर असतं कोण जाणे.

ऑगस्टात चौघं ग्रीसला गेली. लहान लहान बेटं आणि एका बेटावरून दुसऱ्यावर बोटीने जायचं. बाईंना हे प्रकरण फार आवडलं. बेट म्हणजे काय, तर एक बोडकी टेकडी, चार पांढरी घरं नि बकऱ्या. दाभोळला माड तरी होते.

स्किनूसा नावाच्या बेटावरून कूफोनिसी नावाच्या बेटावर जायचं होतं. दुपारचं रणरणतं ऊन. बोट धक्क्याला लागली, लोखंडी फळी खाली आली. प्रसन्नने खलाशाला विचारलं, “कूफोनिसी?”

खलाशी हात हलवत म्हणाला, “ने, ने!”

आता हॅम्बर्गची माणसं जर्मनमधलं ‘नाइन’ एवढं लांबलचक कशाला म्हणतील? नाही म्हणायचं तर नुसतं ‘ने’. बारा वर्षं तेच कानात मुरलेलं. प्रसन्न मागे वळला. “आई, ही नव्हे आपली. तू आणि ओवी इथेच सावलीत थांबा, आम्ही वर तिकिटाच्या खिडकीवर विचारून येतो.” आणि नवराबायको तरातरा चढण चढून गेलीसुद्धा.

बाई बघतच राहिल्या. तो बाप्या स्वच्छ मराठीत ‘ने, ने’ म्हणतोय, पोराबाळांना घेऊन जा म्हणतोय, आणि हा शहाणा म्हणतो ही नव्हे! तिकिटं बाईंच्याच कमरेच्या पिशवीत होती, कारण घरात वस्तू न हरवणारं माणूस तेवढंच. “आपण चढू, तुझा बाबा येईल धावत,” असं म्हणून त्यांनी नातीचा हात धरला आणि फळीवर पाय ठेवला.

बाबा धावत आला. पण तोवर फळी वर गेली होती. धक्क्यावर प्रसन्न दोन्ही हात हलवत ओरडत होता, आणि बघता बघता लहान होत गेला.

बाईंच्या फोनला तिथे रेंज नाही, भाषा येत नाही, आणि हाताशी लेकराची जोखीम. अगं मने, काय करून बसलीस! ओवी रडत रडत जर्मनमध्ये भडाभडा बोलत सुटली.

“बाळ, मला एक अक्षर कळत नाही गं,” बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या. “मला कळेल असं सांग.”

ओवी थांबली. नाक पुसलं. “आल्झो...” तिचं जर्मन ‘म्हणजे’ आधी निसटलं, “आजी... मला भीती आहे.”

एरवी बाई हसल्या असत्या. आता नाही हसू आलं. “मलापण आहे,” त्या म्हणाल्या.

“तू हसला नाही?”

“का हसू?”

“मागच्या वर्षी मी म्हटलं, आजी आला. तू हसला. मग फोनवर सगळ्यांना सांगितला. सगळे हसला.”

बाई चपापल्या. खरंच की! पुण्यात, दाभोळात, कुणाकुणाला नव्हतं सांगितलं! गंमत म्हणून सांगितलं, आणि लेकराने तेव्हापासून तोंडाला कुलूप लावलं. वर्षभर त्या सुनेला बोल लावत होत्या.

“चुकलं माझं,” त्यांनी ओवीला जवळ घेतलं. “आता कध्धी नाही हसणार.”

मग कूफोनिसी येईपर्यंत ओवी बोलत होती. नपुंसकलिंग कुठल्या कुठे, क्रियापदं वाटेल तशी, पण बोलत होती. जिथे उतरायचं होतं त्या खानावळीची मालकीण धक्क्यावर त्यांना न्यायला उभी होती. प्रसन्नने फोन केला होता. तो नि स्वरूपा दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने उतरली, आणि तो उतरला तो तणतणतच.

“आई, तो ‘ने’ म्हणाला ना! मग चढलीस कशी?”

“ने म्हणाला म्हणूनच चढले!”

स्वरूपाने इंग्रजीत सगळं समजावलं तशी मालकीण पोट धरून हसली. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो, तिने सांगितलं. प्रसन्न पुढचे दोन दिवस गेनाऊ म्हणाला नाही.

सप्टेंबरात बाई परत निघाल्या. हॅम्बर्गच्या विमानतळावर सामान गेलं, पाया पडणं झालं. ओवी पदर सोडेना.

“येशील का माझ्याबरोबर?” बाईंनी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

“ने,” ओवी म्हणाली.

“हे कुठलं गं? तुझ्या हॅम्बर्गचं, की त्या खलाशाचं?”

“आपलं,” ओवी म्हणाली.