कुटुंबाचं एक मत

आज कपाट आवरताना अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींवरचं यजमानांचं पुस्तक हाती आलं आणि त्याच्या दमट वासाबरोबर परदेशातल्या तोआ पायोह वस्तीतली ती सभा आठवली. हे जाऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. त्या वसाहतींतले लोक गावसभा भरवून आपला कारभार आपणच करत, याचं ह्यांना भारी अप्रूप. आमच्या मराठी वाचन गटाचे नियमही ह्यांनी त्याच हौसेनं लिहिले होते. त्या दिवशी ठराव होता, ठेवायला जागा नाही म्हणून गटाची सगळी पुस्तकं देऊन टाकायचा. एसीनं बोटं गारठली होती, खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवरून तळलेल्या लसणीचा वास येत होता. मी विरोधात हात वर केला. अध्यक्ष हळूच म्हणाले, "वहिनी, मत कुटुंबाला एकच, आणि ते दादांच्या नावावर होतं. आता मुलाला पाठवत जा ना." "मुलाला मराठी वाचता येत नाही," मी म्हणाले, "आणि या पुस्तकांना नऊ वर्षं कव्हरं मी घालतेय." मागून कुणीतरी हसलं, "अहो, नियम दादांचाच आहे!" खरंच ह्यांचाच होता. ठराव एका मताच्या फरकानं मंजूर झाला. वसाहतींतल्या बायकांना मत नव्हतं, हे मला वाचून दाखवताना ह्यांचा आवाज केवढा चढायचा! अध्यक्षांवरचा राग केव्हाच विरला. ह्यांच्यावरचा जात नाही, आणि भांडायला हे नाहीत.