फाटकाच्या आत

"फाटकाच्या आत माजा कायदा, भायेर तुमचा," असं म्हणून काका लुंगी वर खोचत आणि विषय संपवत. आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही भाषणासारखं वाटायचं. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. सोलापुरातल्या आमच्या गल्लीत हे होते आणि त्यांची तीन कुत्री. सगळ्यात जास्त भुंकणाऱ्याचं नाव कलेक्टर. "ह्यो एकटाच कलेक्टर माजं ऐकतो," म्हणायचे. तोही ऐकत नव्हता.

कुणी कुणाला अडवू नये, हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. हेल्मेटची सक्ती नको, कुत्र्यांचा परवाना तर अजिबात नको. "माज्या घरात कोण ऱ्हाणार, हे मी सायबाला इचारू व्हय?" त्यांच्याच ओट्यावर त्यांचाच चहा पीत आम्ही हे ऐकायचो आणि हसायचो.

पण ते स्वतःपुरतं स्वातंत्र्य मागणारे नव्हते. माझी बायको सुनंदा दवाखान्यात नर्स. तिला कायमची रात्रपाळी लागली तेव्हा गल्लीत कुजबुज सुरू झाली. काकांनी ती भर चौकात थांबवली. "बाईनं कवा कामाला जायाचं हे गल्ली ठरवणार? तुमी कवा उठता हे ती इचारती का?" त्यानंतर कुणी ब्र काढला नाही.

आणि नेमकी तिचीच झोप त्यांची कुत्री मोडत होती. सकाळी आठला ती घरी यायची, नऊला कलेक्टर सुरू. शेवटी मी त्यांच्या फाटकाशी गेलो आणि चाचरत म्हणालो, "काका, जरा त्रास होतो."

"मग सांगायचं की! हुकूम सोडला तर न्हाय ऐकनार. सांगितलं तर ऐकतो."

चार दिवस त्यांनी कुत्री घरात कोंडली. कोंडलेली कुत्री दुप्पट भुंकली. पाचव्या दिवशी त्यांनाच कीव आली आणि त्यांनी दार उघडलं. मी पुन्हा गेलो नाही, भीड पडली.

मग एका सकाळी सुनंदा घरी आली ती उंबऱ्यातच बसली. झोपेच्या तारेत पेशंटला चुकीचं इंजेक्शन देता देता राहिली होती. सोबतच्या सिस्टरनं ऐनवेळी हात धरला म्हणून निभावलं. "अहो, कुणाला बोलू नका. नोकरी जाईल," एवढंच म्हणाली.

मी शाळेत क्लार्क, त्यामुळे गल्लीचे अर्ज माझ्याकडेच येतात. कुत्र्यांवरून गल्लीच्या ग्रुपवर आधीच आरडाओरडा चालू होता. महापालिकेला द्यायचा अर्ज मी शाळेत बसून लिहिला. खरं कारण लिहिता येत नव्हतं, म्हणून लिहिलं, 'सदर श्वान विनापरवाना पाळलेले आहेत.' घरी सुनंदाला काही सांगितलं नाही.

आठवडाभरात जाळीची गाडी आली. माणसं फाटक उघडून आत शिरली आणि तिन्ही कुत्री घेऊन गेली. काका आतल्या बाजूला नुसते उभे होते. मी खिडकीतून बघत होतो. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते.

दोन दिवसांनी ते परवान्याचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. "भाऊसाहेब, भरून द्या. ह्याच्याबिगर सोडत न्हाईत."

'श्वानाचे नाव' यापुढे मी कलेक्टर लिहिलं.

"अक्षर लई चांगलं हाय तुमचं," ते म्हणाले. इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "म्हापालिकेतल्या अर्जावर पन बगितलं."

माझं पेन थांबलं.

"लिवा की. फकस्त खरं कारण सांगा."

मी इंजेक्शनचं सांगितलं. त्यांनी फॉर्म स्वतःकडे ओढला.

"येवडं फाटकात येऊन बोलला असता, तर मीच कुत्री दुसरीकडं हलवली असती," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

कुत्री सुटली, पण गल्लीत आली नाहीत. काकांनी त्यांना परस्पर कुंभारीला पुतण्याच्या शेतावर नेलं. चार दिवसांनी स्वतःचंही सामान टेंपोत भरलं. निरोपाला जमलेल्यांना मोठ्यानं म्हणाले, "कुनी घालवलं म्हनू नका. माज्या मर्जीनं चाललोय." मी गर्दीच्या मागे उभा राहिलो.

आता सुनंदा साडेआठला निजते ती थेट दोनला उठते. परवा चहा पिताना तिला आठवलं. "काका जायच्या आधी मला भेटून गेले. म्हणाले, पोरी, निवांत झोप. सगळ्यांची चौकशी केली, तुमचं मात्र नावही काढलं नाही. असं कसं हो?"

मी दोघांचे कप उचलून आत नेले.