डब्यातला कुबट वास

माझ्या सासूबाई निवृत्त शिक्षिका. केडगावच्या आमच्या घरात नानकटाई नाताळपुरती, पण स्पंज बिस्किटं त्या वर्षभर करतात. अंडी-साखर भरपूर फेसायची, मैदा हलक्या हातानं मिसळायचा. भाजलेली बिस्किटं पार गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू देत नाहीत. "आत वाफ कोंडली की बुरशी आलीच," म्हणतात. डबा उघडला की आधी वास घ्यायच्या. त्यांनी "चांगली आहेत" म्हटलं की घरात कुणी पुन्हा विचारत नसे.

मध्यंतरी त्यांना जबर ताप येऊन गेला. पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या काकू आल्या, तेव्हा सासूबाईंनी डबा हुंगला आणि चार बिस्किटं बशीत ठेवली. काकूंनी एक कसंबसं संपवलं, वर घाईनं चहा प्यायल्या. त्या गेल्यावर मी बशी उचलली, तर ओल्या गोणपाटासारखा वास आला. बिस्कीट मोडायला गेले, ते नुसतं वाकलं. खालून पांढरट ठिपके.

मी गुपचूप डबा रिकामा करत होते. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"खराब झालीत?"

"थोडी सादळलीत, आई."

"खरं सांग."

"वास येतोय."

त्या खुर्चीवर बसल्या. "तापापासून मला कसलाच वास येत नाही गं. फोडणी करपली तरी कळत नाही. वाटलं, येईल परत."

गॅस बंद केलास ना, असं त्या दिवसातून चारदा विचारायच्या आणि मी वैतागायचे. मला माझीच लाज वाटली.

त्या तशाच उठून काकूंकडे माफी मागायला गेल्या. मीही मागोमाग गेले. काकू म्हणाल्या, "बाई, मला कळलं हुतं. पन तुमी एवढ्या मायेनं दिलं, न्हाई कसं म्हनू?"

"म्हणायचं!" सासूबाई शाळेतल्यासारख्या कडाडल्या. "पोट बिघडलं असतं म्हणजे?" मग दोघीही हसल्या. सासूबाईंनी हसता हसता पदरानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली, तेव्हा त्यांनी डबा उन्हात वाळवला, तळाशी कागद घातला आणि मला समोर बसवलं. नुसतं सादळलेलं बिस्कीट पुन्हा भाजलं की कुरकुरीत होतं. पण वास आला किंवा ठिपका दिसला, तर अख्खा डबा टाकायचा, हे त्यांनी माझ्याकडून पक्कं करून घेतलं. मोडून बघायचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं, हुंगायचं माझ्याकडे दिलं.

आता ताजी बिस्किटं निघाली की त्या विचारतात, "कसा वास आहे?"

"छान."

"छान म्हणजे काय? नीट सांग."

मग मी पुन्हा ताटावर वाकते आणि शब्द शोधत राहते. त्या डोळे मिटून ऐकत बसतात.