घरटी एक माणूस

आमच्या शेजारच्या मंजुळाकाकीला घाबरत नाही असा गावात एकच माणूस होता, तिचा नवरा. पुढे तोही सुधारला. घोडबंदरला खाडीच्या कडेच्या खाऱ्या जमिनीत अजून भात लावणारी ती एकटीच. बाकी आम्ही शेतकरी आता लिफ्टने घरी जातो आणि सातबारा लॅमिनेट करून ठेवतो.

यंदा जूनमध्ये खाडीच्या बांधाला चांगली दोन हात खांड पडली. आठवड्यावर अमावास्येचं उधाण. खारं पाणी शेतात शिरलं की यंदाची पेरणी गेली, आणि काकीकडचं खाऱ्या भाताचं बी वर्षभर तसंच पडलं की उगवत नाही. ते दुसऱ्या कुणाकडे उरलेलंही नाही.

जुना रिवाज असा, की बांध फुटला की घरटी एक माणूस, बिनमजुरीचा. जो येणार नाही, त्याच्या घरच्या लग्नात मांडवाची मेढ धरायला कुणी जायचं नाही. काकी भावकीची अकरा घरं शोधत इंद्रलोक कॉम्प्लेक्सच्या गेटपर्यंत हिंडली. तिथल्या वॉचमनने विचारलं, "किससे मिलना है?"

"भावकीशी. लिही."

पुतण्या भावेशचे डंपर आहेत. "काकी, माणसं कशाला? अर्ध्या तासाचं काम," म्हणाला, आणि न विचारता खांडीत दोन डंपर डेब्रिज ओतून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशीच्या साध्या भरतीलाच विटांमधून पाणी झिरपायला लागलं.

"बांध न्हाय, चाळण बांधलीस," काकी म्हणाली.

"वरून सिमेंट ओततो ना."

"खाली चिखल हलतोय. सगळं उचल. आणि सलोनीचं लगीन डिसेंबरात हाय ना?"

भावेशने लेकीचं नाव ऐकलं आणि सगळं डेब्रिज उचललं.

उधाणाच्या आदल्या दिवशी, ओहोटीला, काकी एकटीच फावड्याने खाडीतला चिकट चिखल कापायला लागली. पहिला भावेश उतरला. मग भावकीतलाच गुणवंत आला; त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पोट मात्र दुमडता येईना. मीही गेलो, उगाच चर्चा नको म्हणून. सात घरं झाली. चिखलाच्या ढेपा हातोहात पुढे जात होत्या आणि काकी टाचेने खांडीत दाबत होती.

"गुणवंता, भाकरी थापतात तसं थाप."

"मी कधी थापली, काकी?"

"ते दिसतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी चढलं. बांधाच्या माथ्याला वीतभर कमी असताना एका जागी ओल फुटली. काकीने तिथे आणखी दोन ढेपा दाबल्या आणि पाणी उतरेपर्यंत पाय हलवला नाही. शेत कोरडं राहिलं.

संध्याकाळी ती ओट्यावर पोत्यातलं बियाणं भिजत घालत होती. मी हळूच विचारलं, "न आलेली चार घरं कोणती गं काकी?"

"पोत्याचं तोंड धर आधी," ती म्हणाली.