कंट्रोलरमामांचा पुकारा

कंट्रोलरमामांना कुजबुजणं कधी जमलंच नाही. खोपटच्या एसटी डेपोत जन्मभर माईकवरून गाड्या पुकारलेल्या. त्यामुळे "चहात साखर कमी घाल" हेसुद्धा ते असं सांगायचे की शेजारच्या बिल्डिंगमधली माणसं खिडकीत यायची. आणि असा हा माणूस आमच्या कुस्ती संघाच्या निवडणुकीत पडद्यामागची सूत्रं हलवायचा!

सुट्टीच्या दिवशी मामा कुस्तीच्या मैदानात पुकारा करायचे. पैलवानाचं नाव, गाव, तालीम, वस्ताद, सगळं तोंडपाठ. आमच्याकडे रीतच आहे, मैदानात वस्तादाचं नाव पुकारलं की त्याने पुढे येऊन फेटा बांधून घ्यायचा. आसपास असून आला नाही, तर त्याच्या तालमीची नाचक्की. "नाव खणखणीत घ्यावं, माणूस तिथेच ताठ होतो," असं मामा म्हणायचे.

मी तेव्हा ठाकुर्लीच्या तालमीत जायचे. सराव मुलांबरोबर करायचा, पण मैदानात उतरायची मुलींना बंदी. का, तर संघाच्या अध्यक्षांना ते शोभत नव्हतं. त्यांना सगळे शेठ म्हणायचे. आता आम्ही खेळलो तर ह्यांच्या ताटातलं काय कमी होत होतं, देव जाणे! निवडणूक लागली तशी मामांनी शेठच्या विरोधात आमच्या वस्तादांना उभं केलं. मला म्हणाले, "पोरी, हे जमलं नाही तर लग्न होईपर्यंत नुसत्या बैठका मारत बसशील."

मतं होती ती तालमींच्या वस्तादांची. शेठही काही कच्चे नव्हते. मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळीच त्यांनी कुंपणावरच्या वस्तादांना गाडीत घातलं आणि टिटवाळ्याच्या फार्महाऊसवर नेऊन ठेवलं. मोबाइल काढून घेतले, गेटला कुलूप. आमचे वस्ताद डोकं धरून बसले. मामा म्हणाले, "फोन काढून घेतलेत ना? कान तर शाबूत आहेत?"

त्याच दुपारी फार्महाऊसला लागून असलेल्या शेतात मामांनी मैदान भरवलं. भोंग्यांची तोंडं थेट कंपाऊंडकडे. आणि एकेका वस्तादाचं नाव घेऊन पुकारा सुरू झाला. "जिथे असाल तिथून या, फेटा वाट बघतोय!" आधी शांतता. मग भिंतीवर एक पांढरी टोपी दिसली, मग दुसरी. पोट सुटलेले म्हातारे वस्ताद लेंगा सावरत भिंतीवरून उतरायला लागले, आणि आम्ही पोरी हसून हसून बेजार. आतून शेठ ओरडत होते, "अहो, जेवण लागलंय!"

फेटे बांधून झाल्यावर मामांनी मतांचं काढलं. सगळ्यांत जुने होते कल्याणचे वस्ताद. बाकीचे त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. ते म्हणाले, "मतं देऊ. पण माईक सोड. ह्यापुढे पुकारा माझा भाचा करेल." मामांनी माईक आपल्या रुमालाने नीट पुसला आणि भाच्याच्या हातात दिला. मला इतका राग आलेला! "मामा, असा कसा देऊन टाकलात?" तर म्हणतात, "अगं, माईक दिला. गळा माझ्याकडेच आहे ना?" मी घरापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी आमचे वस्ताद निवडून आले. पुढच्या मैदानात मुलींची पहिली कुस्ती लागली, माझी. भाचा माईकवर "आता मुलींची एक कुस्ती" एवढंच पुटपुटला. मी मातीत उभी, बिननावाची. तेवढ्यात प्रेक्षकांतून, माईकशिवाय, तो आवाज आला. "ठाकुर्लीची तालीम! शेवंता भोईरची लेक, प्राजक्ता!" सगळं मैदान वळून बघायला लागलं. आईचं नाव का घेतलंत, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "तुला तालमीत बोट धरून कोणी आणलं? तिनेच ना?" त्या दिवशी मी चितपट झाले, पण घरी नाचत गेले.

मामा गेल्या थंडीत गेले. नंतरच्या मैदानात श्रद्धांजलीच्या वेळी भाच्याने माईक माझ्यापुढे धरला. मी तो बाजूला केला, छाती भरून श्वास घेतला आणि पुकारलं, "खोपट डेपो! द्रौपदीचा लेक, कंट्रोलरमामा!" सवयीने सगळ्या वस्तादांच्या माना रस्त्याकडे वळल्या. माझ्या हातात फेटा होता. नाव पुकारूनही मामा आले नाहीत.